चोरीची नोंद ‘गहाळ’ नको

संपादक महाशय,

लोकलच्या गर्दीत किंवा विसर्जन मिरवणुकीत मोबाइल मारला गेला, की अनेक मुंबईकर पोलीस ठाण्यातून ‘गहाळ’ नोंदीचा कागद घेऊन घरी येतात. नवे सिमकार्ड घ्यायला तो पुरतो, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण गहाळ नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे. पुढे एखाद्या झडतीत चोरीचे फोन सापडले, तर ज्याचा गुन्हाच नोंदलेला नाही तो फोन चोरावर लावायचा कसा?

म्हणून तक्रारीत ‘हरवला’, ‘सापडत नाही’ असे लिहूच नये. गाडी, डबा, कोणत्या दोन स्थानकांदरम्यान, किती वाजता हे लिहावे. आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, द्यावा. दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही. तो खोक्यावर असतो, आणि फोन हातात असतानाच *#०६# दाबून टिपून ठेवलेला बरा. किंमत लिहून बिल जोडणे फार महत्त्वाचे, कारण नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली जाऊ शकते. मग दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत.

दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर रुळांलगतून फटका मारून फोन पाडला, तर ती साधी चोरी नाही, जबरी चोरी आहे. जखम लहान असली तरी सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी तपासून घ्यावी.

फलाटावर लोहमार्ग पोलीस, स्थानकाबाहेर शहर पोलीस, यात तक्रारदाराची फरफट होते. ती थांबायलाच हवी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी. प्रत मोफत मिळते. नकार मिळाल्यास तोच मजकूर उपायुक्तांना पोस्टाने पाठवावा, तरीही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

फोन सापडला, तर खटला संपेपर्यंत मुद्देमालात तो अडकून पडण्याची गरज नाही. छायाचित्रे व वर्णन नोंदवून न्यायालय तो बंधपत्रावर मालकाला देऊ शकते. त्या अर्जात गुन्हा क्रमांक लिहावा लागतो. गहाळ नोंदीला तो नसतो.

– एक फौजदारी वकील, परळ