चकमकीच्या आधीची पाने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एस. हुसेन झैदी यांच्या मुंबईतील टोळ्यांवरील पुस्तकांचा परिचय वाचला. परिचय आस्थेने लिहिलेला आहे आणि तो छापून आल्यापासून आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात या पुस्तकांसाठी नंबर लागले आहेत, याचा आनंदच आहे. मात्र पोलिसांचे खरे काम काय असते ते या पुस्तकांतील चकमकींवरून कळते, अशा आशयाचे जे विधान त्यात आहे, त्याला परभणी जिल्ह्यातील निरनिराळ्या ठाण्यांत 33 वर्षे काढून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेला एक वाचक या नात्याने माझी हरकत आहे. ही पुस्तके मी स्वतः दोनदोनदा वाचली आहेत आणि त्यांतून मला नेमके उलटे दिसले, म्हणून हे पत्र.

‘ब्लॅक फ्रायडे’ हे पुस्तक 2002 साली प्रसिद्ध झाले. 12 मार्च 1993 रोजी मुंबईत झालेल्या ज्या स्फोटांत 257 माणसे प्राणास मुकली, त्यांच्या कटाची आणि तपासाची ती हकीकत आहे. त्या तपासाचा धागा कसा हाती लागला, हे पाहण्यासारखे आहे. वरळीला बेवारस सोडलेली एक मारुती व्हॅन सापडली, तिच्यात हत्यारे होती. तिच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतील, कटातला प्रमुख आरोपी टायगर मेमन याच्या कुटुंबाच्या घरी पोहोचले. त्या घराच्या झडतीत स्कूटरची एक किल्ली मिळाली. आणि ती किल्ली दादरजवळ नायगाव क्रॉस रोडवर न फुटता राहिलेल्या, स्फोटके भरलेल्या स्कूटरला लागली. या साखळीत कोठेही पिस्तूल चाललेले नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या घरांच्या झडत्या घेतल्या, फळीवरचे डबे आणि उतरंडीची मडकी उतरवून पाहिली, त्यालाच या किल्लीचे मोल कळेल. आमच्या पंचनाम्यांत अशा किरकोळ वस्तूंपुढे ‘जु. वा. किं. अं.’, म्हणजे जुनी, वापरती, किंमत अंदाजे, एवढे लिहून पुढे सरकण्याची सवय असते. ती किल्लीही कोणी अशीच मोघम लिहून पुडक्यात टाकली असती, तर स्कूटर आणि घर यांचा संबंध सिद्ध करणे किती अवघड झाले असते, याचा विचार परिचयकर्त्यांनी करून पाहावा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, हात पोळल्यावर सांगतो. घरफोडीच्या एका गुन्ह्यात आरोपीकडून मिळालेली लोखंडी टॉमी, म्हणजे कुलूप उचकटायचा दांडा, मी जप्त केली, कापडात शिवली, सुतळीने बांधली, वर लाखेचे सील केले आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डिंकाने डकवून मुद्देमाल मोहररच्या, म्हणजे जप्त वस्तू सांभाळणाऱ्या कारकुनाच्या, ताब्यात दिली. दोन पावसाळे ती खोलीच्या गळक्या कोपऱ्यात पडून राहिली आणि न्यायालयात पुडके काढले तेव्हा चिठ्ठी जागेवर नव्हती. त्यात माझा एक पंच म्हणजे ठाण्यासमोरचा चहावाला. आरोपीच्या वकिलांनी त्याला विचारले, ‘यापूर्वी किती पंचनाम्यांवर सह्या केल्यात?’ त्या भल्या माणसाने शपथेवर खरे तेच सांगितले : ‘मोजलं नाही साहेब, बोलावलं की येतो.’ आरोपी सुटला, आणि चूक माझीच होती, कारण वस्तीवरचे दोन त्रयस्थ पंच शोधायला तासभर लागला असता आणि मला जेवायला घरी जायचे होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. त्या दिवशी तसे असते तर माझी घाईही मोबाईलमध्ये उमटली असती.

चकमकींचा इतिहास या पुस्तकांत आहे आणि तो वाचनीयही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. 11 जानेवारी 1982 रोजी वडाळ्याला गुंड मन्या सुर्वे पोलिसांकडून मारला गेला, 16 नोव्हेंबर 1991 रोजी लोखंडवाला संकुलात पोलीस आणि टोळीवाल्यांत दिवसाढवळ्या गोळीबार झाला, आणि खंडणीच्या फोनला कंटाळलेल्या लोकांना त्या काळी हायसे वाटले असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. भीतीपोटी साक्षीदार पुढे येत नव्हते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब साध्या कायद्यात पुरावा ठरत नाही. म्हणूनच 1999 साली मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, आला आणि अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील जबाब त्याखाली ग्राह्य धरला जाऊ लागला. तरीही हिशेब मांडायचाच तर तो पुरता मांडावा. ‘भायखळा टू बँकॉक’मध्ये ज्याचा दबदबा रंगवला आहे, त्या अरुण गवळीला 2012 साली जन्मठेप झाली ती नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या खुनाच्या खटल्यात, न्यायालयाच्या निकालाने. उलट 2006 साली लखनभैया नावाच्या माणसाला बनावट चकमकीत मारल्याच्या खटल्यात 2013 साली सत्र न्यायालयाने 13 पोलिसांसह 21 जणांना जन्मठेप सुनावली. पुढे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चकमकीतील प्रत्येक मृत्यूचा स्वतंत्र तपास व्हावा आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदके वा बढत्या देऊ नयेत, असे घालून दिले. परिचयात यातले एक अक्षरही नाही.

लेखकाबद्दलही एक तक्रार आहे. बातमीदारीत मुरलेले असल्याने झैदी यांच्या लेखणीला वेग आहे, पण त्या वेगात ठाण्यातला कारकुनी वर्ग मागे राहतो. साहेबांची नावे पानोपानी भेटतात; स्टेशन डायरी लिहिणारा, समन्स घेऊन चाळीचाळीतून हिंडणारा, फितूर होऊ पाहणाऱ्या साक्षीदाराला तारखेच्या दिवशी हाताला धरून न्यायालयात आणणारा पैरवी हवालदार मात्र क्वचितच दिसतो. ‘डोंगरी टू दुबई’मध्ये एक हवालदार ठळकपणे येतो, तो दाऊदचा बाप इब्राहिम कासकर. मुंबई पोलिसांत नोकरी केलेल्या त्या माणसाबद्दलची पाने वाचताना, आमच्या पोलीस लाइनीतली वाया गेलेली दोन-तीन पोरे डोळ्यांपुढे आली आणि मी त्या रात्री पुढे वाचू शकलो नाही.

जाता जाता एक दुरुस्ती. ‘ब्लॅक फ्रायडे’वरील चित्रपटावर बंदी होती, असे परिचयात ढोबळपणे म्हटले आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन थांबवले होते. आरोपींचा न्याय होण्याआधी पडद्यावर त्यांचा निवाडा होऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. स्फोटांचा खटला चालवणाऱ्या टाडा (दहशतवादविरोधी कायद्याच्या) न्यायालयाचे निकाल सप्टेंबर 2006 पासून यायला लागले, 100 आरोपी दोषी ठरले, आणि चित्रपट फेब्रुवारी 2007 मध्ये लागला.

आमच्या वाचनालयातील ‘डोंगरी टू दुबई’च्या प्रतीत गोळीबाराची पाने बोटे लागून काळवंडली आहेत आणि त्यातली काही शिवणीतून सुटली आहेत. ती प्रत बांधणीला दिली आहे. परत आली की महाविद्यालयातली जी पोरे तिच्यासाठी नाव नोंदवून बसली आहेत, त्यांना ती देताना ग्रंथपाल सोबत ‘ब्लॅक फ्रायडे’ही देणार आहेत, आणि किल्लीच्या पानावर मी एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. या वेळी डिंक जरा जास्त लावला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त सहायक फौजदार,
जिंतूर, जि. परभणी