‘माय मिस्टर’वरच्या तुझ्या लेखाबद्दल

ठाणे,
१२ जुलै २०२५

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

‘माय मिस्टर’ या कोरियन मालिकेवर लिहिलेला तुझा लेख मी दोनदा वाचला, पहिल्यांदा लोकलमध्ये उभ्याउभ्या आणि दुसऱ्यांदा रविवारी सकाळी हातात पेन्सिल घेऊन. तू माझे मत मागितले आहेस आणि आपल्यात एकमेकांचे मन राखण्यासाठी खोटे बोलण्याची रीत कधीच नव्हती, म्हणून आधीच सांगतो की लेख मला आवडला नाही. न आवडण्याचे कारण असे की ही मालिका तुला किती आवडली आहे हे मला ठाऊक आहे. मे महिन्यात सोळावा भाग संपल्यावर रात्री साडेअकराला तू मला फोन केलास आणि बोलता बोलता मध्येच थांबलास, तुझा आवाज भरून आला होता. तो थांबलेला माणूस मी लेखात शोधत होतो आणि तो मला कुठेही भेटला नाही.

त्याच्या जागी तीन परिच्छेद आहेत, लेखन, अभिनय आणि निर्मिती, आणि प्रत्येकाखाली पाचपैकी गुण. आपल्याकडच्या नाट्यपरीक्षणांत शेवटच्या परिच्छेदात नेपथ्य, प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत यांना एकेक विशेषण वाटून टाकण्याची जी जुनी पद्धत आहे, तीच तू नकळत उचलली आहेस. ‘संहिता बांधेसूद’, ‘अभिनय सहजसुंदर’, ‘छायाचित्रण देखणे’ ही तिन्ही वाक्ये दुसऱ्या कोणत्याही कोरियन मालिकेच्या लेखात जशीच्या तशी ठेवली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मी गेली बावीस वर्षे जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करतो आणि या मालिकेचा नायक पार्क दाँग-हून हाही इमारतींची सुरक्षितता तपासणारा इंजिनिअर आहे, त्यामुळे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्या अहवालात भिंतीचा रंग छान आहे असे कुणी लिहीत नाही. भार कुठून येतो, स्लॅबवरून कोणत्या बीमवर जातो, बीमवरून कोणत्या कॉलममध्ये आणि तिथून पायात कसा उतरतो, हे लिहावे लागते. नीट उभ्या असलेल्या इमारतीत हे सारे एकमेकांत इतके गुंतलेले असते की कॉलमला पाच आणि बीमला साडेचार गुण देणे निरर्थक ठरते. परीक्षणाकडून माझी तशीच अपेक्षा आहे. एखादा प्रसंग तुझ्या मनात बसला असेल, तर त्याचे वजन लेखिकेने कुठे ठेवले, ते नटाने कुठे पेलले आणि दिग्दर्शकाने ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचवले, हे शोधून सांग.

चौथ्या भागातला प्रसंग घे, जो तू एका ओळीत ‘हृदयस्पर्शी’ म्हणून सोडून दिला आहेस. दाँग-हूनचा थोरला भाऊ सांग-हून इमारतींचे जिने धुण्याचे काम करतो आणि काम चालू असताना चुकून एका माणसाच्या अंगावर पाणी उडते. तो माणूस त्याला गुडघे टेकायला लावतो, आणि नेमकी त्याच वेळी डबा घेऊन आलेली आई ते दृश्य लांबून पाहते. ती पुढे येत नाही, डबा ठेवून निघून जाते. दाँग-हूनला हे कळते तेव्हा तो हातोडी घेऊन त्या माणसाकडे जातो, भिंतीवर घाव घालतो आणि बांधकामात काय काय दोष आहेत ते त्याला ऐकवतो. इथे लेखिका पार्क हे-यंग यांची करामत अशी की आयुष्यभर मान खाली घालून जगलेला हा माणूस चिडला तरी आपल्या धंद्याच्याच भाषेत चिडतो. घरच्या माणसांना कळले नाही तोवर अपमान गिळता येतो, कळले की तो गिळता येत नाही, हा त्याच्या बोलण्याचा गाभा आहे, आणि तीन भागांत जमवलेला सगळा भार त्या एका वाक्यावर येऊन टेकतो. तू पहिले तीन भाग संथ आहेत असे लिहिले आहेस. ते संथ आहेत, हे मला मान्य आहे, पण त्या संथपणात काय भरले जात होते ते चौथ्या भागाकडे बोट दाखवून सांगितले नाहीस तर वाचक दुसऱ्याच भागाला मालिका बंद करील.

याच प्रसंगात दिग्दर्शकाचा वाटाही आहे. दाँग-हूनच्याच ऑफिसात कंत्राटावर काम करणाऱ्या ली जी-आन या तरुण नायिकेने त्याच्या फोनमध्ये हेरगिरीची सोय करून ठेवली आहे आणि हे सारे बोलणे ती कानांत इअरफोन घालून ऐकते आहे. प्रसंग आपल्याला दिसतो, तिला मात्र तो फक्त ऐकू येतो, आणि दाँग-हूनविषयी आपले मत बदलत असते तेव्हाच तिचेही बदलत असते. सोळा भागांचा खरा व्यवहार हा असा कानांनी चालतो. त्याचा श्वास, रात्री घरी परततानाची पावले, दारूच्या गुत्त्यातली भावांची भांडणे, सगळे ती ऐकत राहते. जिच्यासाठी ती जगते ती आजी मात्र बहिरी आहे आणि त्या दोघींचे बोलणे हातवाऱ्यांच्या भाषेत चालते. दिवसभर दुसऱ्याचे आयुष्य ऐकणारी मुलगी घरी आली की निःशब्द होते, ही रचना एकदा ध्यानात आली की ध्वनी हा ‘निर्मितीमूल्ये’ या शीर्षकाखालचा तांत्रिक तपशील उरत नाही, तो कथेचाच भाग होतो. तुझ्या लेखात ध्वनीबद्दल एक शब्दही नाही. आम्ही प्लास्टरवर हातोडी ठोकतो तेव्हा कुठे भरीव आवाज येतो आणि कुठे पोकळ, हे आधी कानांनीच कळते, यंत्रे त्यानंतर येतात. तूही निदान दोन भाग डोळे मिटून ऐक.

अभिनयाकडे येतो. दाँग-हूनची भूमिका करणाऱ्या ली सन-क्यून यांच्याबद्दल तू ‘अप्रतिम’ असे लिहून थांबला आहेस आणि पुढची सहा वाक्ये त्यांच्या डिसेंबर २०२३ मधल्या मृत्यूविषयी लिहिली आहेस. तुझे दुःख खरे आहे आणि ते मलाही झाले, पण त्यामुळे अभिनयाचा परिच्छेद शोकलेख झाला आणि त्यांनी काय केले ते सांगायचे राहून गेले. त्यांचा आवाज खोल आणि भारदस्त होता. २०१९ च्या ‘पॅरासाइट’मध्ये त्यांनी श्रीमंत घरमालकाची भूमिका केली, तिथे हाच आवाज आत्मविश्वासाने, सवयीच्या मालकीहक्काने येतो. दाँग-हूनच्या भूमिकेत त्यांनी तो छातीतच अडवून ठेवला आहे, वाक्य अर्ध्यावर सोडले आहे आणि पुष्कळ ठिकाणी उत्तराच्या जागी नुसता उच्छ्वास टाकला आहे. ज्या मालिकेत नायिकेला नायक बहुतेक वेळ फक्त ऐकू येतो, तिथे नटाचे मुख्य साधन आवाज असणार हे त्यांनी ओळखले होते, असे मला वाटते.

जी-आनच्या भूमिकेतली ली जी-उन, म्हणजे आययू, मुळात गायिका. २००८ पासून ती कोरियात गाते आहे. गाणारी माणसे अभिनयात येतात तेव्हा भाव अधोरेखित करण्याची त्यांना ओढ असते, ती तिने इथे कटाक्षाने टाळली आहे. ऑफिसातल्या कॉफीच्या पुड्या ती गुपचूप खिशात टाकते आणि रात्री अंधाऱ्या खोलीत एकाच कपात ओतून पिते, तेव्हा चेहऱ्यावर करुणा मागणारी एकही रेघ नसते. भूक हा शब्द न उच्चारता भूक सांगणे हे लेखिकेचे काम झाले, आणि त्या भुकेची दया येऊ न देणे हे नटीचे. एकाच प्रसंगातले हे दोन वाटे असे वेगळे काढून दाखवलेस तर वाचकाला तो प्रसंग दुसऱ्यांदा बघावासा वाटेल.

एका बाबतीत तू, मी आणि आपल्यासारखे मराठी प्रेक्षक इंग्रजी उपशीर्षकांवर अवलंबून असूनही थोडे सुदैवी आहोत. कोरियन भाषेत समोरच्याच्या वयानुसार आणि मानानुसार क्रियापदाचा शेवट बदलतो आणि इंग्रजी ‘यू’मध्ये ते सारे सपाट होऊन जाते, परंतु तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर आपल्या कानांना जन्मापासून माहीत आहे. दाँग-हूनच्या कंपनीचा प्रमुख दो जून-यंग हा विद्यापीठात त्याचा कनिष्ठ होता, आता तो साहेब आहे, शिवाय दाँग-हूनच्या पत्नीशी त्याचे संबंध आहेत. ज्याला एकेकाळी अरे-तुरे केले त्याला अहो-जाहो करावे लागणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला एका वाक्यात समजेल. तसेच मालिकेच्या मूळ नावातला ‘आजश्शी’ हा शब्द. ‘मिस्टर’ने त्याचा अर्थ पोहोचत नाही. नात्यात नसलेल्या मध्यमवयीन माणसाला हाक मारण्याचा तो शब्द आहे, आपल्या ‘काका’च्या जवळचा, आणि त्याच्या आधी ‘माझा’ लागला की त्यात जो ओलावा येतो तो तू सांगायला हवास.

लेखन आणि दिग्दर्शन यांतला फरक ओळखण्याचा मला सापडलेला एक मार्ग सांगतो. दिग्दर्शक किम वॉन-सॉक यांनी २०१४ मध्ये ‘मिसेंग’, २०१६ मध्ये ‘सिग्नल’ आणि २०२५ मध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ या मालिका केल्या, आणि प्रत्येकीची लेखिका निराळी आहे. पार्क हे-यंग यांनी पुढे २०२२ मध्ये ‘माय लिबरेशन नोट्स’ लिहिली, तिचे दिग्दर्शक निराळे, किम सॉक-यून. या मालिका शेजारी शेजारी ठेवल्या की गाठ सुटू लागते. ‘लिबरेशन नोट्स’मध्येही तीन भावंडे आहेत, कामावरून परतताना आलेला तोच थकवा आणि तेच मोजके बोलणे आहे, म्हणजे ते लेखिकेचे. ‘सिग्नल’मध्ये रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी जुना वॉकीटॉकी जिवंत होतो आणि दोन काळांतले दोन पोलीस एकमेकांना फक्त आवाजाने ओळखतात, म्हणून दूरच्या आवाजावर जीव जडवण्याचे कसब बरेचसे दिग्दर्शकाचे असावे असा माझा अंदाज आहे. ‘मिसेंग’मधले ऑफिस आठव, कंत्राटावर आलेल्या माणसाकडे न बघता त्याच्या टेबलावर कागद टाकण्याची ती रीत जी-आनच्या ऑफिसातही आहे. (‘सिग्नल’मधल्या तरुण पोलिसाचे नावही पार्क हे-यंगच आहे, लिहिताना गोंधळ होऊ देऊ नकोस.)

निर्मितीबद्दल तू चित्रीकरणस्थळांच्या देखणेपणावर लिहिलेस, त्यापेक्षा मालिका कशी बनते यावर लिहायला हवे होते. आपल्या दैनंदिन मालिकांच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावे बहुधा वेगवेगळी असतात. कोरियात सोळा भाग बहुतेक वेळा एकच व्यक्ती लिहिते आणि त्यामुळे पहिल्या भागात टाकलेला धागा पंधराव्यात उचलला जातो. या पद्धतीची किंमतही मोठी आहे. आठवड्याला सव्वा-सव्वा तासाचे दोन भाग द्यायचे, प्रक्षेपण सुरू झाले तरी लेखन संपलेले नसायचे आणि चित्रीकरणाच्या दिवशी सुट्या पानांवर संवाद यायचे, असे तिथे वर्षानुवर्षे चालले. २०१६ मध्ये ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ ही मालिका प्रक्षेपणापूर्वी पूर्ण चित्रित झाली याची म्हणूनच मोठी चर्चा झाली. आठवड्याला ५२ तासांची कमाल मर्यादा घालणारा कायदा जुलै २०१८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. ‘माय मिस्टर’ त्या आधीची, २१ मार्च ते १७ मे २०१८ मधली. मध्ये तिचे प्रक्षेपण एक आठवडा थांबलेही होते. पडद्यावर थकलेल्या नोकरदारांची कथा सांगणारी मंडळी स्वतः किती तास जागी असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि निर्मितीला गुण देणाऱ्याने तो करावा असे मला मनापासून वाटते.

दोषांविषयी तू फार हात राखून लिहिले आहेस. पहिल्या भागात सावकार ग्वांग-इल जी-आनला मारहाण करतो तो प्रसंग आणि त्यातला तिचा ‘तुला मी आवडते ना?’ अशा अर्थाचा प्रश्न, यांवर कोरियातही त्या वेळी तीव्र आक्षेप घेतले गेले. त्या दोघांचा भूतकाळ कळल्यावर प्रश्नाचा अर्थ बदलतो, हे खरे, तरीही पहिल्याच भागात मारहाणीवर आवडीची छाया पाडणे मला चुकीचे वाटते. पंचेचाळिशीतला पुरुष आणि एकविशीतली मुलगी यांच्या नात्याकडे संशयाने पाहणाऱ्यांना त्यामुळे कारण मिळाले. लेखिकेने पुढे ते नाते फार काळजीने प्रेमकथेपासून दूर ठेवले आहे, हेही त्याच परिच्छेदात यायला हवे. दुसरा दोष कंपनीतल्या सत्तास्पर्धेचा. चुकीच्या माणसाच्या हाती पडलेले ५ कोटी वॉनचे गिफ्ट व्हाउचर ही सुरुवात उत्कंठावर्धक आहे, पण पुढचे डावपेच पातळ आहेत आणि दो जून-यंग सोडला तर वरच्या मजल्यावरची माणसे मला वेगवेगळी आठवतसुद्धा नाहीत. सगळा जीव खालच्या गल्लीत आहे, हुग्ये मोहल्ल्यात, जंग-हीच्या गुत्त्यात. शेवटच्या भागात सांग-हून आपले साठवून ठेवलेले पैसे जी-आनच्या आजीच्या अंत्यविधीसाठी काढतो आणि जिचे कुणी नव्हते तिच्यासाठी सारा मोहल्ला जमतो, तिथे मी उठून पाणी प्यायला गेलो होतो. तुझा फोन त्याच भागानंतर आला होता ना?

लेख पुन्हा लिही. कोरियातल्या बाएकसांग पुरस्कारांचा, म्हणजे २०१९ च्या सर्वोत्कृष्ट मालिका आणि पटकथा या दोन सन्मानांचा, उल्लेख पहिल्या ओळीतून काढून खाली कुठेतरी ठेव, गुण काढून टाक आणि सुरुवात चौथ्या भागापासून कर. तो भाग आधी इअरफोन लावून, पडद्याकडे न बघता ऐक. आई डबा ठेवून जाते तिथे तुला काय ऐकू येते, ते मला कळव. मी ते तीन वेळा ऐकले आहे आणि तुझे उत्तर आल्याशिवाय माझे सांगणार नाही.

वहिनींना नमस्कार, लहानग्यांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत