वीस मिनिटांत लंडन?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, माझ्याकडून म्हणजे लंडनहून ॲम्स्टरडॅमला दादाकडे जायच्या विमानांचं त्याने पाठवलेलं वेळापत्रक बघून, परतीचं विमान वीस मिनिटांत लंडनला कसं पोचतं, ही तुम्ही काढलेली शंका रास्त आहे. लंडनहून नऊला सुटलेलं विमान ॲम्स्टरडॅमला अकरा वीसला पोचतं, आणि येताना बाराला सुटून बारा वीसला लंडनला उतरतं. ॲम्स्टरडॅमचं घड्याळ लंडनच्या तासभर पुढे असतं, म्हणून असं दिसतं. दोन्हीकडून वेळ लागतो एक तास वीस मिनिटंच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकदमच घड्याळं सरकवतात, त्यामुळे तुम्ही कधीही आलात तरी फरक तासाचाच.

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते ॲम्स्टरडॅमचा स्किपॉल विमानतळ सरळ रेषेत जेमतेम ३७० किलोमीटर. मुंबईहून आपलं कोल्हापूर रस्त्याने जवळपास तेवढंच. तास-वीस मिनिटांतसुद्धा विमान हवेत असतं पाऊण तासाच्या आसपास, बाकी जमिनीवरच सरकणं. स्किपॉलची पोल्डरबान नावाची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे, की तिच्यावर उतरलं तर पुढे पंधरा-वीस मिनिटं विमान नुसतं चालतच राहतं, मध्ये एका हमरस्त्यावरच्या पुलावरूनसुद्धा जातं. तुमच्यातल्या भूगोलाच्या मास्तरांसाठी आणखी एक: हा अख्खा विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे. तिथे पूर्वी मोठं तळं होतं. वाफेच्या पंपांनी उपसून ते १८५२ मध्ये कोरडं केलं. दादाला हे ठाऊकच नव्हतं!

आता खरा हिशेब. नऊच्या विमानासाठी माझ्या घरून पाचला निघायचं. मग सामान, सिक्युरिटी, गेटपर्यंतची पायपीट. तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, बॅगांची वाट, आणि शहरात जायला पुन्हा पाव तासाची रेल्वे. दुपारचं जेवण दादाकडे व्हायला एक वाजणार. आईच्या गुडघ्यांचं काय, ते तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत रेल्वेचं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून युरोस्टार नावाची गाडी थेट ॲम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनात जाते, सुमारे चार तासांत. युरोपची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, उतरलं की सरळ बाहेर. समुद्राखालच्या पन्नास किलोमीटरच्या बोगद्यातून वीसेक मिनिटं अंधार, मग फ्रान्सची शेतं. बाबा, खिडकी तुमचीच. दादा म्हणतो विमान स्वस्त पडतं. पडत असेल, पण त्याला पाचला उठायचं नाहीये.

कशानेही गेलात तरी ब्रिटनचा व्हिसा तिकडे चालत नाही, शेंगेनचा, म्हणजे नेदरलँड्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असतो तो, वेगळा काढावा लागतो. तो कोल्हापुरातून निघण्याआधीच करून घ्या. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल.

आई, तूप आणि पेढे आणू नकोस. दुधाचे पदार्थ इथेही नेऊ देत नाहीत आणि नेदरलँड्समध्येही नाही. भडंग मात्र दोन घरांच्या हिशेबाने आण, दादाने मुद्दाम सांगितलंय. आणि बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नकोस, पर्समध्येच ठेव.

रेल्वे की विमान, ते रविवारच्या फोनवर सांगा. तिकिटं उशिरा काढली की महाग होतात.

तुमची,
मनू