रविवारी सुटी नसलेल्यांनी नाटक कधी पाहावे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी नाटकाला प्रेक्षक उरला नाही, तरुण पिढी नाट्यगृहाकडे फिरकत नाही, अशी चर्चा अधूनमधून होत असते. मालिका, मोबाइल आणि तिकिटांचे चढे दर ही त्याची ठरलेली कारणे. ती खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु प्रयोगाचा वार आणि वेळ यांचा विचार या चर्चेत क्वचितच होतो, आणि मुंबईपुरते बोलायचे तर नाट्यगृहात कोण येणार हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते.

आपले व्यावसायिक प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी लागतात. रविवार हा या शहरात कष्टकऱ्यांच्या हक्काचा वार झाला तो कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. 10 जून 1890 पासून गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळू लागली. पुढे गिरणगावाने कामगार रंगभूमी उभी केली आणि परळचे दामोदर नाट्यगृह तिचे हक्काचे ठिकाण ठरले. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, कामगारांची मुले-नातवंडे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली आणि 2023 मध्ये दामोदरही पुनर्विकासासाठी बंद झाले. या मुला-नातवंडांपैकी कितीतरी जण आज मॉलमध्ये, दुकानांत, रुग्णालयांत, सोसायट्यांच्या फाटकांवर किंवा घरपोच सामान पोहोचवण्याच्या कामावर आहेत, आणि तेथे रविवार म्हणजे उलट अधिक कामाचा वार. 2017 च्या कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्यास मुभा मिळाली. कामगाराला आठवड्याची सुटी द्यावीच लागते, पण ती रविवारीच मिळेल असे नाही.

रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास दादरच्या शिवाजी मंदिराच्या दाराशी उभे राहिले की हे सहज लक्षात येते. आत जाणाऱ्यांत पन्नाशी-साठीपुढची मंडळी अधिक. कोणी गुडघा सांभाळत पायऱ्या चढतो, कोणी ओळखीच्याला ‘रांग कुठली मिळाली?’ असे विचारतो. त्याच वेळी जवळच्या साडीच्या दुकानात सकाळपासून उभी असलेली मुलगी गिऱ्हाइकापुढे विसावी साडी उलगडत असते. तिला नाटकाची आवड नाही, हे आपण कशावरून ठरवले? दादरच्या बाजारातील पुष्कळशी दुकाने सोमवारी बंद असतात, म्हणजे तिची सुटी सोमवारी. आणि सोमवारी नाटकाच्या जाहिरातींचे पान जवळजवळ कोरे.

रात्रीच्या प्रयोगाची गोष्ट वेगळी नाही. साडेआठचा प्रयोग संपून बाहेर पडेपर्यंत अकरा-साडेअकरा होतात. बदलापूरला राहणाऱ्या बाईने त्यानंतर लोकल पकडून घर गाठावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा तो प्रवास स्वतः करून पाहावा.

यात निर्मात्यांना दोष देण्याचा हेतू नाही. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरातीचा खर्च आणि मालिकांच्या चित्रीकरणात अडकलेले नट यांचा मेळ घालताना ते आधीच मेटाकुटीला येतात. रिकाम्या खुर्च्यांचा धोका पत्करून सोमवारी प्रयोग लावा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? तो धोका महापालिकेने आणि शासनाने उचलावा. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचे कालिदास ही नाट्यगृहे महापालिकेची आहेत, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर शासनाचे आहे. त्यांपैकी एखाद्या ठिकाणी महिन्यातून एक सोमवार नाममात्र भाड्याने द्यावा, प्रयोग सायंकाळी सहाला सुरू करून नऊपर्यंत संपवावा आणि त्याची माहिती वृत्तपत्रांतल्या जाहिरातींबरोबरच बाजारपेठांतील दुकानांत व रुग्णालयांच्या सूचनाफलकांवरही लावावी.

त्याचबरोबर, येणाऱ्या प्रेक्षकाला त्याचे वय, राहण्याचे ठिकाण आणि सुटीचा वार एवढे तीनच प्रश्न एका चिठ्ठीवर विचारावेत. नाव विचारण्याचे कारण नाही. वर्षभर हा उपक्रम चालवूनही खुर्च्या रिकाम्याच राहिल्या, तर मालिका आणि मोबाइल यांना बोल लावायला आपण सारे मोकळे आहोतच.

आपली,
एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई