‘उचल’ हा शब्द शिकवला, म्हणून वर्गाला कुलूप

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऊसतोड मजुरांसाठी रात्रीचा साक्षरता वर्ग चालवतो. गेल्या मंगळवारी शाळेच्या खोलीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. साक्षरता दिनाला भर सभेत ‘हंगाम संपेपर्यंत खोली तुमचीच’ असा शब्द देणाऱ्या साहेबांनीच घेतली. कारण? ‘वर्गात राजकारण चालतं.’

काय चालतं ते ऐका. मी नेहमीचं ‘बदक’ सोडून ‘उचल’पासून सुरुवात केली. उचल म्हणजे तोडीआधी मुकादमाकडून, मजूर आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेले आगाऊ पैसे. तीन अक्षरं, काना नाही, मात्रा नाही. पाचटानं चिरलेले हात पदराखाली घेऊन बसलेली बीडची एक बाई फळ्याकडं बघत म्हणाली, “गुरुजी, आमची उचल किती फिटली, ते कुठं लिहिलेलं असतं?” दुसऱ्या दिवशी तिनं मुकादमाकडं वही मागितली. तिसऱ्या दिवशी तक्रार झाली.

1963 साली ब्राझीलमधल्या आंजिकोस गावी शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी सुमारे 300 निरक्षरांना 40 तासांत असंच, त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन शिकवलं. पुढच्याच वर्षी लष्करानं सत्ता घेतली आणि त्यांना तुरुंगात टाकलं. मार्क्सच्या विचारातून त्यांनी घेतलं ते हे, की जो घाम गाळून जग उभं करतो त्याला ते वाचताही आलं पाहिजे आणि बदलताही. हे राजकारण असेल तर असू द्या. मजुराला त्याचा हिशेब कळू न देणं, हे राजकारण नाही का?

माझी आई जन्मभर अंगठा देत गेली. एका अंगठ्यात आमचं दीड एकर रान गेलं. जांभळी शाई ती राखेनं घासत बसली होती, मी सात वर्षांचा होतो. ते बोट मला अजून दिसतं.

तुम्ही राबवता ती केंद्राची ‘उल्लास’ ही प्रौढ साक्षरता योजना 5 वर्षांची, 1,037 कोटींची, 5 कोटी माणसांसाठी. माणशी दोनशे रुपयांच्या आसपास! त्यावर 150 गुणांची परीक्षा, आणि किती बसले याचे तक्ते. बाईला पावती वाचता आली का, हे कुणी विचारत नाही. याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, कामगार चळवळीत वाढले. 1 ऑगस्टला त्यांना हार घालायचा आणि त्यांच्यासारख्यांच्या वर्गाला कुलूप लावायचं, हे कसलं सरकार?

सध्या आम्ही मजुरांच्या कोप्यांपुढं, म्हणजे झोपड्यांपुढं, ट्रॅक्टरच्या उजेडात बसतो. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मजुरांच्या टोळ्या निघून जातील, आणि ती बाई अजून जोडाक्षरांपर्यंत आलेली नाही. किल्ली या आठवड्यात परत द्या.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. वाळवा, जि. सांगली