उसाच्या ट्रॅक्टरचा धूर आणि पंपाचं टायमिंग

मा. संपादक,
नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एकानं लिहिलं होतं, कोल्हापूरच्या शिवाजी पुलावर उसाचे ट्रॅक्टर काळा धूर सोडत जातात, ड्रायव्हर मुद्दाम रेस देतात म्हणून. देतात काहीजण, नाही म्हणत नाही. पण माझाच ट्रॅक्टर गेल्या सीझनला तसा धुरायचा आणि त्यात ड्रायव्हरचा काय दोष नव्हता, म्हणून लिहितोय.

झालं काय, स्टार्टिंगला त्रास द्यायला लागला म्हणून एका गॅरेजला नेला, त्यांनी नोझल, म्हणजे सिलिंडरात डिझेलचा फवारा मारतात ते, काढून टेस्टरवर लावले तर २०० च्या दाबाला सुटायला पाहिजेत ते १७० लाच सुटत होते, मग नवीन टाकले, प्रेशर सेट केलं, बिल घेतलं. आणि ट्रॅक्टर आधीपेक्षा बेकार! दोन ट्रॉल्या लावल्या की दम निघतोय, टेंपरेचरचा काटा वर. मला वाटलं नोझलच डुप्लिकेट दिले.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी घोळ काढला. नोझलला दाबानं डिझेल देतो तो पंप, आणि ते नेमकं कधी देतो ते त्याचं टायमिंग. पंपातला कॅम आणि रोलर झिजला की डिझेल ढकलणारा प्लंजर उशिरा उचलतो, एलिमेंट (प्लंजर आणि त्याचं नळकांडं) झिजलं की डिझेल कडेनं गळून दाब भरायला वेळ लागतो, टायमिंग गिअरच्या दात्यांत खेळ वाढला की आणखी उशीर. आणि पंप फिरतो इंजिनच्या निम्म्या वेगानं, म्हणजे पंपाकडं १ अंश मागं पडला की क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याला, २ अंश. पण नोझलची स्प्रिंग बसली की ते कमी दाबाला, म्हणजे लवकर उघडतं. पंप उशीर करतोय, नोझल घाई करतंय, आणि दोघं मिळून इतके दिवस कसंबसं जमवून घेत होते बघा. आम्ही नोझल नवीन केले आणि पंपाचा उशीर उघडा पडला.

मिस्त्रींनी पहिल्या सिलिंडरची डिलिव्हरी वॉल्व्ह काढली, वाकडी नळी लावली, आणि फ्लायव्हील हातानं हळूहळू फिरवत बसले, डिझेलची धार बारीक होत होत थेंबावर आली आणि थांबली तिथं खूण बघितली. पुस्तकात पिस्टन वर पोचायच्या २३ अंश आधी, आमचं १८ वर. १५०० आरपीएमला ५ अंश म्हणजे सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा थोडा जास्त उशीर, तेवढ्यात सगळा खेळ. पंप सरकवून २३ ला आणला आणि धूर जवळजवळ गेला. एलिमेंट मात्र पुढं बदलावं लागलंच, कारण झीज काय पंप सरकवून भरून येत नाही.

बरेच ठिकाणी पंप नुसता आवाजावर फिरवतात. जास्त अलीकडं ओढला, म्हणजे डिझेल फार लवकर पडायला लागलं, की ठोका येतो, पिस्टनची वाट लागते, आणि मालकाला वाटतं पिकअप वाढला. पंप काढून बेंचवर, म्हणजे तपासायच्या मशिनवर, कॅलिब्रेट केला म्हणजे टायमिंग झालं असंही नाही, बेंचवर डिझेल किती पडतंय ते कळतं, इंजिनवर कधी पडतंय ते इंजिनवरच बघावं लागतं.

माझी मागणी एवढीच, पंपवाल्यांनी बिलावर टायमिंग किती होतं आणि किती ठेवलं हे दोन आकडे लिहावेत. आणि साखर कारखान्यांनी सीझनच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या पोरांना घेऊन ट्रॅक्टरचं टायमिंग तपासायचा एखादा कॅम्प लावावा, मी माझा ट्रॅक्टर पहिला आणतो.

आपला,
एक ऊस वाहतूकदार, ता. करवीर, जि. कोल्हापूर