जिवाणूचं पूर्ण नाव सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात लिहिलं नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण मानलेले आभार चारचौघांनी वाचावेत असं वाटतं. गोव्यात सत्तरी, पेडणे, सांगे या तालुक्यांत माझ्यासारखी डुकरं पाळणारी बरीच घरं आहेत. माझ्या शेडमध्ये झालं ते उद्या त्यांच्याकडेही होऊ शकतं.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. वाळपईकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पिल्लांना झड लागू नये म्हणून आम्ही शेडच्या चारही बाजूंनी ताडपत्र्या खाली सोडल्या होत्या. आठवड्यापूर्वीच तीन माद्यांची पिल्लं दूध तोडून एकाच कप्प्यात घातली होती. एका सकाळी खाद्य घालायला गेले तर एक पिल्लू कुशीवर पडलेलं. मान मागे ताणलेली, डोळ्यांची बुबुळं थरथरत होती आणि चारही पाय सायकल चालवावी तसे हवेत हलत होते. दुपारपर्यंत ते गेलं. दुसऱ्या दिवशी दोन पिल्लं लंगडू लागली. ढोपर सुजून लिंबाएवढं झालेलं, हात लावला की किंचाळत. नऊ दिवसांत अकरा पिल्लं गेली.

त्या नऊ दिवसांत मला सल्ला देणारे पुष्कळ भेटले. एका दुकानदारानं लक्षणं नीट न ऐकताच टेट्रासायक्लिनची इंजेक्शनं हातात ठेवली, ती आम्ही चार दिवस टोचली. वाड्यावर मात्र एकच शब्द फिरत होता : आफ्रिकन स्वाइन फीवर. तो विषाणूचा रोग. भारतात तो २०२० साली आसाम-अरुणाचलमध्ये पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून डुक्कर पाळणाऱ्या माणसाला त्या नावानंच घाम फुटतो. बाधित जागेभोवती एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारावी लागतात. माझ्या चौदा माद्या, त्यातल्या दोन आगोंद गोवन, आपल्या गोव्याची स्वतःची नोंदणी झालेली जात. त्या दोघींना मी लहानपणापासून पेज पाजून वाढवलंय. रात्री झोप लागत नव्हती.

आमच्या गुरांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी पणजीच्या प्रयोगशाळेतला तुमचा नंबर दिला आणि मी घाबरत घाबरत फोन लावला. तुम्ही आधी काहीच सांगितलं नाहीत, नुसतं विचारत गेलात. पिल्लं किती दिवसांची? कधी एकत्र केली? औषध कुठलं, किती दिवस? आणि मग एक प्रश्न, जो तोवर कोणी विचारला नव्हता : "आजारी आहे पण अजून औषध दिलेलं नाही, असं एखादं पिल्लू आहे का?" होतं. त्याच सकाळी पडलेलं.

नमुना कुठून घ्यायचा यावर तुम्ही आमच्या डॉक्टरांना किती बारकाईनं सांगितलंत ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. घशातला नको, मेंदूच्या आवरणावरचा आणि सुजलेल्या सांध्यातलं पाणी हवं. कारण तुम्हाला ज्या जिवाणूचा संशय होता तो धडधाकट डुकराच्या टॉन्सिलमध्येही असतो, आणि एकाच डुकरात एकापेक्षा जास्त प्रकारांचा. घशातून घेतला तर गावातल्या सगळ्यांनाच चोर म्हणावं लागेल, मेंदूत सापडला तो मात्र चोरी करतानाच सापडला, असं तुम्ही म्हणालात. मासळीवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणला. नमुना गारठून जाऊ नये म्हणून बर्फ आणि बाटली यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी घातली. माझा दीर तो डबा मांडीवर घेऊन कदंब बसनं पणजीला आला.

त्याच रात्री नऊ वाजता तुमचा फोन आला. निकाल यायला अजून दिवस होते. तुम्ही एवढंच विचारलंत : "आधी मेलेली पिल्लं कापून कुणी पाहिली होती का? हाताला जखम होती का?" दिरानंच पाहिली होती, उघड्या हातांनी. त्याच्या डाव्या हाताच्या बोटाला कोयत्याचा ताजा वार होता. तुम्ही त्याला त्याच रात्री दवाखान्यात पाठवलंत, आणि तिथे गेल्यावर 'डुकरं हाताळतो' हे पहिलं वाक्य बोलायचं, हेही बजावलंत. तो धडधाकट राहिला. पण मागाहून तुम्ही सांगितलंत की हा जिवाणू जखमेतून माणसात शिरतो, मेंदूज्वर होतो आणि वाचलेल्या कित्येकांचे कान कायमचे जातात. चीनच्या सिचुआन प्रांतात २००५ साली दोनशेवर माणसं आजारी पडली आणि ३८ दगावली, तो हाच. हे ऐकून माझे हात थंड पडले होते. आमच्या भावोजींना आज आमच्या हाका ऐकू येतात. मॅडम, या एका फोनसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

विषाणूची तपासणी वेगळी झाली, ती नकारार्थी आली. तिसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला प्रयोगशाळेत बोलावलंत आणि काचेपलीकडून ती बशी दाखवलीत. लालभडक रक्तावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, प्रत्येकाभोवती हिरवट झाक. स्ट्रेप्टोकोकस सुईस. दुसऱ्या बशीत औषधाच्या छोट्या चकत्या ठेवलेल्या. पेनिसिलिनच्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं रिंगण पडलं होतं. टेट्रासायक्लिनच्या चकतीला मात्र जिवाणू अगदी चिकटून उगवले होते. आम्ही चार दिवस टोचलेलं तेच औषध. मला रडू आलं ते तिथे. तुम्ही खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, या जिवाणूवर ते औषध जगभर निकामी होत चाललंय, तुमची चूक नाही. त्या संध्याकाळपासून पेनिसिलिन सुरू झालं. लवकर हाती लागलेली सहा पिल्लं उठून उभी राहिली.

इतकं झाल्यावर काम संपलं असं कुणीही म्हटलं असतं. औषध लागू पडलं, मरतूक थांबली. पण तुम्हाला त्या जिवाणूचं पूर्ण नाव हवं होतं. त्याच्या अंगावर साखरेचं कवच असतं आणि त्या कवचावरून प्रकार ठरतात, हे तुम्ही मला कागदावर चित्र काढून समजावलंत. काचेच्या पट्टीवरच्या जिवाणूंत प्रकार २ ओळखणाऱ्या द्रावाचा एक थेंब टाकला आणि हलवला, तर नासलेल्या दुधासारखे कण दिसू लागले. म्हणजे प्रकार २. मी म्हटलं, झालं की! तुम्ही मान हलवलीत. हाच थेंब १/२ नावाच्या प्रकारालाही असाच फुटतो, पीसीआर या जनुकांच्या नेहमीच्या तपासणीलाही त्या दोघांतला फरक कळत नाही. कवच घडवणाऱ्या एका जनुकात एकाच अक्षराचा काय तो फरक. आणि माणसांना होणारी बहुतेक लागण प्रकार २ ची असते, म्हणून दोन की एक-छेद-दोन हे तुम्हाला नक्की करायचंच होतं. तीन आठवड्यांनी कळलं : २.

त्या तीन आठवड्यांत तुम्ही आमच्या माद्यांचे घसेही तपासलेत. बाहेरून विकत आणलेल्या माद्यांपैकी दोघींत २ सापडला. आगोंद माद्यांत दुसरेच प्रकार निघाले. मी लगेच २ सापडलेल्या त्या दोघींना विकायला निघाले होते. तुम्ही थांबवलंत. प्रकार एक असला म्हणजे वाणही एकच असं नाही, म्हणालात. मग सात जनुकांची अक्षरं जुळवून पाहिलीत. मेंदूतला, सांध्यातला आणि त्या दोघींपैकी एकीच्या घशातला, तिन्ही जुळले. दुसरीचा वेगळा निघाला. मी घाई केली असती तर एक निर्दोष मादी गेली असती. जिचा जुळला, तिलाही तुम्ही दोष दिला नाहीत. एकदा तपासून न सापडणं म्हणजे इतरांत नाहीच असं नव्हे, आणि जिवाणू घशात असताना पिल्लं मरत नाहीत, ती मरतात कोंदट हवेत, गर्दीत, आईपासून तोडून अनोळखी पिल्लांत टाकल्यावर, हे तुम्ही मला दोनदा ऐकवलंत. एका प्रकारावरची लस दुसऱ्याला फारशी कामाला येत नाही हेही तेव्हाच कळलं. नाहीतर मी मिळेल ती लस विकत घेऊन मोकळी झाले असते.

आता ताडपत्र्या वरून हातभर मोकळ्या असतात. शेडमध्ये शिरल्यावर डोळे चुरचुरत नाहीत. एका मादीची पिल्लं दूध तोडल्यावरही एकत्रच राहतात. दात कापायचा चिमटा दर पिल्लागणिक औषधाच्या पाण्यातून निघतो. मेलेल्या जनावराला हातमोज्यांशिवाय कुणी शिवत नाही, आणि दिराचे मोजे तर मी स्वतः मोजून ठेवते. या मोसमात मेंदूच्या आजारानं एकही पिल्लू गेलेलं नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं आमचं गिऱ्हाईक त्या अफवेनं तुटलं होतं, तेही परतलं. नीट शिजवलेल्या मांसातून हा रोग लागत नाही, कच्चं हाताळताना जपायचं, हे मी तुमच्याच शब्दांत प्रत्येकाला सांगते.

तुमचा अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडच्या खांबाला लावलाय. येणारे विचारतात, यात काय लिहिलंय? मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्या जिवाणूचं पूर्ण नाव वाचून दाखवते.

मॅडम, चवथीला आमच्याकडे या. कुळागरातली शहाळी काढून ठेवते, नेवऱ्या असतीलच. शेड बघायची असेल तर बूट बुडवायचं टोपलं दारातच आहे, तुम्ही सांगितलंत तसं, पाणी रोज बदललेलं.

तुमची कृतज्ञ,
सत्तरीतली एक वराहपालक